डोंगरापेक्षा दक्षिण बघा
गावाजवळ तारे बघायला अंधारी जागा कशी शोधायची, या प्रश्नावर एकांनी सुचवलंय की गावाजवळचा सगळ्यात उंच डोंगर गाठा. मला तेवढं पटत नाही. आधी दक्षिणेकडचं आभाळ काळं आहे का ते बघा. वृश्चिक-धनूकडचा आकाशगंगेचा दाट पट्टा आपल्याला तिकडेच दिसतो. आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, पुण्याचा उजेड नेमका दक्षिणेला. उंचावर गेलो की तो जास्तच दिसतो! शेवटी डोंगराच्या उत्तरेकडच्या पायथ्याला माळ सापडला. थोडं क्षितिज गेलं, पण उजेडही झाकला.

त्याआधी पाझर तलावाच्या बांधावर बसायचो. डिसेंबरात अकरा वाजले की दुर्बिणीच्या भिंगावर दव. पुसलं की परत, पुसलं की परत. शेवटी गुंडाळून घरी. मुरमाड, कोरडी जागाच बरी. आणि उसाच्या कडेला अजिबात बसू नका. आमच्याकडे बिबट्या आहे, गंमत करत नाहीये. तिघं-चौघं जा, जागा दिवसा बघून ठेवा.

अमावास्येच्या आसपास जा, टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, आणि कुणीतरी व्हॉट्सॲप उघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

ग्रामपंचायतीशीही बोलून बघा. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचं आभाळ काळं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली होती. आमच्या वस्तीवरच्या एका एलईडीला आम्ही पत्र्याची टोपी बसवून घेतली. दिवा तोच, पण अंगणातून आता मृगाखालचे बारीक तारेसुद्धा दिसतात.