जुनं एक्सेल आणि नेटवर्क प्रिंटर: तुमचे अनुभव लिहा

मार्चअखेर आली की २००३ किंवा २००७चं एक्सेल वापरणाऱ्या कचेऱ्यांत तीच तक्रार: फाइल अडकते, पडद्यावर एक दिसतं आणि कागदावर भलतंच येतं. २००३चा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, २००७चा ऑक्टोबर २०१७ मध्ये. आता भिस्त एकमेकांवरच. काय झालं आणि कशाने सुटलं, दोन्ही लिहा.

पतसंस्था, हिशेब विभाग
ताळेबंदाची फाइल उघडली की खिडकी पांढरी पडून 'नॉट रिस्पॉन्डिंग' यायचं. सगळ्यांचा संशय व्हायरसवर. कारण निघालं वरच्या मजल्यावरचा बंद प्रिंटर! पानाची मापं आणि पेज ब्रेकच्या (पान कुठे तुटतं त्या) तुटक रेषा एक्सेल डीफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडल्या जाणाऱ्या प्रिंटरच्या ड्रायव्हरला (तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) विचारून ठरवतं. प्रिंटर नेटवर्कवर सापडला नाही की उत्तराची वाट बघत बसतं. 'एक्सपीएस डॉक्युमेंट रायटर' (कागदाऐवजी फाइल बनवणारा विंडोजचा प्रिंटर) डीफॉल्ट केला, फाइल झटकन उघडायला लागली. छापताना तेवढा खरा प्रिंटर निवडतो. पण निवड बदलली की पेज ब्रेकही सरकतात, म्हणून आधी प्रिव्ह्यू बघाच.

कॉलेज ऑफिस
पडद्यावर रक्कम नीट, कागदावर ####. कॉलम जरा रुंद केला, सुटलं.

कारखाना, टाइम ऑफिस
पगारपत्रकाचा मॅक्रो (एक्सेलमध्ये साठवलेली, एका दमात चालणारी आज्ञांची यादी) माझ्या मशीनवर चालायचा, शेजारच्या टेबलावर एरर १००४. रेकॉर्ड झालेल्या ओळीत प्रिंटरच्या नावापुढे 'ऑन एनई०३:' होतं. हा पोर्ट नंबर मशीनगणिक बदलतो. आता मॅक्रो एनई०० पासून एकेक नंबर लावून बघतो आणि जो चालेल तो घेतो. शिवाय मॅक्रोच्या सुरुवातीलाच 'डिस्प्लेपेजब्रेक्स' फॉल्स करा, म्हणजे पेज ब्रेकच्या रेषा दाखवणं बंद होतं; वेगात खूप फरक पडतो. 'प्रिंटकम्युनिकेशन' (मॅक्रो चालताना प्रिंटरशी बोलणं) बंद करायची सोय २०१० पासूनची, आपल्या उपयोगाची नाही.

टायपिंग, झेरॉक्सचं दुकान
जुन्या, युनिकोड नसलेल्या (रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या) फाँटमधली यादी पडद्यावर स्वच्छ मराठी, कागदावर मात्र रोमन अक्षरांची खिचडी. प्रिंटर स्वतःचा फाँट घुसवत होता. ड्रायव्हरच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये ट्रूटाइप फाँटपुढे 'सॉफ्टफाँट' (म्हणजे कॉम्प्युटरमधलाच फाँट प्रिंटरला पाठव) निवडलं, यादी जशीच्या तशी आली. ज्यांचं काम मराठीत आहे त्यांनी हे आधी तपासावं; लोक उगाच फाँट पुन्हा टाकत बसतात.

आयटी सपोर्ट, पुणे
पतसंस्थेच्या उपायाला पुरवणी: विंडोज १० असेल तर 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा. नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटर पुन्हा डीफॉल्ट होतो.