गार्डरेलचे खांब बदलायचेत, पुन्हा लाकडीच घ्यावेत का?

वळणवाट: महामार्गाच्या देखभालीचं काम बघतो. एका वळणावर गार्डरेलच्या (गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून लावलेल्या कठड्याच्या) डब्ल्यू-बीम, म्हणजे डब्ल्यूच्या आकारात वळवलेल्या पत्र्याला १५० बाय २०० मिमीचे ४० लाकडी खांब आहेत. त्यातले १२ जमिनीलगत कुजलेत. वरून धडधाकट दिसतात, पण माती उकरून स्क्रूड्रायव्हर टोचला की मुठीपर्यंत आत जातो. पत्रा चांगला आहे. मंजुरी फक्त १२ खांब आणि खांब व पत्रा यांच्यामध्ये बसणाऱ्या ठोकळ्यांची. लाकूड की लोखंड? शिवाय शेवटच्या खांबांना जमिनीलगत मोठी गोल भोकं आहेत, ती किडीची का?

मुरूमवाला: सगळं उखडा, काँक्रीटची भिंत घाला. आम्ही घातली, परत बघावं लागलं नाही.

वळणवाट: मंजुरी खांबांचीच आहे हो.

पोलाद७: लोखंडीच घ्या, गॅल्व्हनाइज्ड. यंत्राने ठोकले की काम संपलं. लाकडी खांबांना आधी खड्डे खणा, मग माती चोपा, दिवस जातो. फक्त ठोकळे लोखंडी नकोत. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या धडक चाचणीत लोखंडी ठोकळा चेपला आणि गाडीचं चाक खांबाला अडकलं. तेव्हापासून तिथे ठोकळे शक्यतो लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे.

रंधा: पाइन घेऊ नका, कच्चं लाकूड. माझ्या कुंपणाला सागाचे खांब आहेत, २० वर्षं झाली, ठणठणीत.

साइडपट्टी: कुंपणाला गाड्या धडकत नाहीत. पाइनचा बाहेरचा भाग दाबाखाली कुजण्यावरचं औषध भरपूर पितो, म्हणून तर तो वापरतात.

रंधा: जुन्या सागाला औषध लागतच नाही.

साइडपट्टी: सागाचं राहू द्या. आमचं काय चुकलं ते सांगतो. ठेकेदाराने खांब लांब पडले म्हणून जागेवर कापले आणि कापलेलं टोक जमिनीत घातलं. औषध न पोचलेला गाभा थेट ओल्या मातीत! काही वर्षांत भुगा. खांब मापाचे मागवा, भोकं औषध भरण्याआधीच पाडून घ्या. कापावाच लागला तर कापलेलं टोक वर ठेवून त्यावर औषध लावा. आणि ती गोल भोकं किडीची नाहीत. कठड्याच्या टोकाला गाडी आदळली तर खांब तिथेच मोडावा म्हणून मुद्दाम पाडलेली असतात. बुजवू नका.

मुरूमवाला: काँक्रीट असतं तर हा प्रश्नच नव्हता.

गवतकाप्या: काँक्रीटवरून आठवलं. गवत उगवू नये म्हणून आम्ही खांबांच्या बुडाला काँक्रीट ओतलं. ट्रक घासला. खांब मातीत मागे कलायला हवा होता, त्याला जागाच नव्हती. पाच खांब जमिनीलगत कडाकडा मोडले. भोवती मोकळी जागा ठेवा.

पोलाद७: लोखंडीच घ्या, परत सांगतो. जुने खांब जाळून टाका.

साइडपट्टी: अजिबात जाळू नका! सीसीए (तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं) औषध असेल तर धुरात आणि राखेत आर्सेनिक येतं.

वळणवाट: सगळ्यांचे आभार. पोलाद७ लोखंडाचा आग्रह धरताहेत, पण मी लाकडीच घेतोय. उरलेले २८ खांब टोचून पाहिले, पक्के आहेत. मध्येच वेगळे खांब घालायला मन धजत नाही. मापाचे १२ मागवले, गोल भोकं तशीच ठेवतोय.

मुरूमवाला: ठीक. पण रस्त्यावर नवा थर पडला असेल तर आधी पत्र्याची उंची मोजा.