जुन्या संगणकांच्या मेळाव्यात व्याख्याने हवीत कशाला?

बर्डीकर (धागाकर्ते): नागपूरच्या आपल्या मेळाव्याविषयी ‘जुन्या जाणत्यांची भाषणे बंद करा, तेवढ्या वेळात चार यंत्रे सुरू होतील’ असे काल येथे कोणी लिहिले, ते वाचून राहवले नाही. सर्किटच्या आकृतीवरून यंत्र पुन्हा सुरू करता येते, परंतु त्यामागची धडपड आकृतीत नसते. १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात दालनात विक्रीला मनाई झाली, म्हणून ६५०२ हा प्रोसेसर घडवणाऱ्या चमूचे प्रमुख चक पेडल यांनी हॉटेलच्या खोलीत ते प्रोसेसर बरण्यांत भरून २५ डॉलरला एक याप्रमाणे विकले, आणि त्या बरण्यांतील खालच्या बहुतेक चिप निकामी होत्या, हे चिपच्या कोणत्या तांत्रिक माहितीपत्रकात सापडेल? आणि हे सांगणारे तर एकेक करून चालले: पेडल २०१९ मध्ये गेले आणि टिफरॅक हा सुरुवातीचा भारतीय संगणक घडवणारे नरसिंहन तर २००७ मध्येच.

धंतोलीकर: काल लिहिणारा मीच. बरणीची ती गोष्ट पेडल यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींमुळेच आपणा सर्वांना पाठ आहे, मग तिच्यासाठी सभागृहाचे भाडे कशाला? गेल्या खेपेस शाल-श्रीफळातच पाऊण तास गेला, आणि ज्याने पॉवर सप्लायचा जुना कपॅसिटर बदलायचा तो पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत असल्यामुळे तिकडे कपॅसिटरने धूर सोडला.

महालकर: मला दोघांचेही पटत नाही. शाळांना संगणकाची ओळख करून देणाऱ्या १९८४ च्या सरकारी ‘क्लास’ प्रकल्पातले बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आमच्या शाळेतही आले होते. खोलीला कुलूप असे, चपला बाहेर काढाव्या लागत, आणि खंडेनवमीला कीबोर्डवर हळदकुंकू वाहिले जाई. एका यंत्रापुढे आम्ही चौघी बसत असू आणि आठवड्याला मोजून वीस मिनिटे मिळत. रविवारी गुपचूप कुलूप उघडणाऱ्या आमच्या बाईंनाच मी आद्य संगणकतज्ज्ञ मानते. त्यांना कधी कोणी बोलावले?

धंतोलीकर: कुलूप होते म्हणूनच ती यंत्रे आज धड सापडतात, हेही लक्षात घ्या.

महालकर: अहो, धड सापडतात कारण कोणी वापरलीच नाहीत! ३२ केबी मेमरीच्या त्या यंत्रावर सोफी विल्सन यांनी त्याच्यासाठी लिहिलेल्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आम्ही काय काय केले असते, याचा हिशेब कोण देणार?

बर्डीकर: विषय कुलुपाचा नाही.

महालकर: विषय कुलुपाचाच आहे. तुमच्या मंचावर यंत्र बांधणारे बसतात, पण ते दुसऱ्याच्या हाती पडू देणारे कधीच बसत नाहीत.

धंतोलीकर: बाईंना बोलवा, माझी हरकत नाही, त्या निदान सत्कार तरी मागणार नाहीत. मात्र वक्ता कोणीही असो, त्याला मंचावर न बसवता सोल्डरिंगच्या टेबलाशी बसवावे, म्हणजे त्याच्या बोलण्याबरोबर आमचे हातही चालतील.

बर्डीकर: ठीक आहे, टेबलाशी बसवू. परंतु मेळावा मे महिन्यात नको. कूलरच्या दमट हवेत फ्लॉपींना बुरशी धरते, आणि ४५ अंशांत सत्तरीच्या माणसाला बोलावणे मला प्रशस्त वाटत नाही.

धंतोलीकर: डिसेंबरात ठेवा. शाल मात्र मी विकत आणणार नाही.