साध्या पदवीसाठी पुण्याला जायलाच हवं का?

बार्शीकर (धागाकर्ता)

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यात एकच प्रश्न असतो: 'मग पुण्यात कुठं?' पुणं ठरलेलंच, फक्त कॉलेज विचारायचं. इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांचं सोडा, त्यांना कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरी, जिथं टाकेल तिथं जावं लागतं. माझा मुद्दा साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चा आहे. पुतण्याला भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचीय आणि घरात दोन तट पडलेत. मी विरोधी गटात आहे.

माझं म्हणणं असं की पदवी घरून करावी आणि एम.एस्सी.ला खुशाल मोठ्या शहरात जावं. पुण्यात कॉट, मेस, येणंजाणं धरून महिन्याला दहा-बारा हजार कुठेच गेले नाहीत. तीन वर्षांचे तीन-चार लाख झाले, त्यात फी धरलेली नाही. एवढे पैसे ओतून शिकायचं काय? यांत्रिकी, प्रकाशशास्त्र, उष्मागतिकी. न्यूटनचे नियम लक्ष्मी रोडवर काही वेगळे नाहीत. इथं सर पोराला नावानं ओळखतात, घरी फोन करून 'दोन दिवस दिसला नाही' म्हणून सांगतात. तिथं तो हजेरीपटावरचा एक नंबर.

आणखी एक. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं. त्याआधी आमची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायला कोल्हापूर गाठावं लागायचं. मागणी करून करून विद्यापीठ जिल्ह्यात आणलं आणि आता पोरं पुण्याला धाडायची, हे गणित काय मला सुटत नाही.

गणेशखिंड

गणित सोपं आहे बार्शीकर, तुम्ही फक्त वर्गातले तास मोजताय.

मी स्वतः परभणीहून पुण्याला आलो, भौतिकशास्त्रच केलं. वर्गात जे शिकलो ते कुठेही शिकलो असतो, हे मान्य. पण भौतिकशास्त्राच्या पोरासाठी त्या गावात काय काय आहे ते बघा. विद्यापीठाच्या आवारात आयुका, नारळीकर सरांनी १९८८ साली उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. त्याच आवारात एनसीआरए, नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी संस्था. पाषाण रस्त्याला लागलं की एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिच्या शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था. सायकलवर अर्ध्या तासात चार जागा, आणि चारही ठिकाणी जगभरातली माणसं येऊन बोलतात. मी दुसऱ्या वर्षाला असताना अशी व्याख्यानं मागच्या रांगेत बसून ऐकली. पहिली दहा अजिबात कळली नाहीत. पण संशोधन करणारा माणूस दिसतो कसा, फळ्यासमोर अडतो कसा, 'मला माहीत नाही' कसं म्हणतो, हे तिथं बघितलं. आमच्या गावात मी भौतिकशास्त्रज्ञ पाहिलाच नव्हता. जो धंदा करणारा माणूस कधी पाहिला नाही, तो धंदा करावासा वाटणार तरी कसा?

एम.एस्सी.ला जा म्हणता. तोवर बहुतेकांची स्वप्नं बी.एड. आणि बँकेची परीक्षा इथवर येऊन थांबलेली असतात.

पेठेतला

आयुकाच्या मागच्या रांगेत बसणारे किती आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारे किती, तेवढं मोजा. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या वाड्यावर 'कॉट बेसिसवर मिळेल' असा बोर्ड आहे. बी.एस्सी.ला म्हणून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी 'जरा एमपीएससी बघतो' म्हणतात आणि पाच वर्षांनी अजून बघतच असतात. सायकलवर अर्धा तास म्हणालात ते कधीचं? विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, त्यानंतर कित्येक वर्षं त्या चौकात अर्धा तास नुसतं उभं राहता यायचं.

लांजेकर

मी कोकणातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवतो. या सगळ्या चर्चेत एक गोंधळ कायम असतो, तो आधी सोडवू. 'पुणे विद्यापीठात शिकतो' म्हणणारी बहुतेक पदवीची मुलं विद्यापीठात शिकतच नाहीत, संलग्न कॉलेजात शिकतात. गणेशखिंडीच्या आवारातले विभाग बहुतांशी पदव्युत्तर आहेत. आणि त्याच विद्यापीठाची संलग्न कॉलेजं नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतही आहेत. आमचंही तेच. मुंबई विद्यापीठाची हद्द पार सिंधुदुर्गापर्यंत. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र, राजाबाई टॉवर न बघता, सावंतवाडीत बसून मिळतं. स्वायत्त कॉलेजं सोडली तर अभ्यासक्रम तोच, पेपर तोच. तेव्हा 'शहरी विद्यापीठ' असं आपण म्हणतो त्यात विद्यापीठ फारसं नसतंच, शहर असतं. तीन-चार लाख शहरासाठी द्यायचे का, असा प्रश्न विचारा.

माझं उत्तर 'बहुतेकांसाठी नाही' असं आहे. बार्शीकर म्हणतात ते शिक्षकाच्या ओळखीचं खरं आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम, वर विद्यावेतन. अर्ज देशात कुठूनही करता येतो, सोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत. कोण काय वाचतं, कोणाचा हात प्रयोगात चालतो, हे मला पत्रात लिहिता येतं. दीडशेच्या वर्गातल्या प्राध्यापकाला लिहिता येईल का?

गणेशखिंड

लांजेकर सर, तुमच्यासारखा शिक्षक असेल तर मी माझं म्हणणं मागे घेईन. पण प्रत्येक तालुक्यात तो आहे का? आमच्या गावच्या कॉलेजात निम्मे विषय तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवत होते. त्यातले एक सर फार हुशार होते. सकाळी एका कॉलेजात तास, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी क्लास. अशा माणसाकडे शिफारसपत्र मागायचं तर लाजच वाटेल. आणि ही अकादमीची शिष्यवृत्ती नावाची गोष्ट असते, हे मला पुण्यात आल्यावर मेसमध्ये जेवताना कळलं.

लांजेकर

तासिका तत्त्व पुण्या-मुंबईतही आहे साहेब. तिथं ते इमारतीमागे लपतं, इतकंच.

अनघा_नांदेड

सगळे पुरुष खर्च आणि दुर्बिणींवर बोलताय, म्हणून लिहिते.

घरून कॉलेज करणं म्हणजे मुलीसाठी काय असतं? दुसऱ्या वर्षाला असताना माझ्यासाठी स्थळं यायला लागली, कारण मी रोज सगळ्यांना दिसत होते. कॉलेजच्या दारात कोणाशी बोलले ते मी घरी पोचायच्या आत पोचलेलं असायचं. बार्शीकर, 'सर घरी फोन करतात' हे तुम्ही गुण म्हणून लिहिलंत. आमच्या बाबतीत तोच फोन शिक्षण बंद व्हायला पुरतो. मुंबईला एम.ए.ला गेले तेव्हा पहिल्यांदा लोकलमध्ये कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. त्या गर्दीचं मला काय वाटलं ते ज्याला गाव सोडावं लागलं नाही त्याला नाही कळायचं. मी म्हणेन, मुलींनी पदवीलाच बाहेर पडावं. एम.ए.पर्यंत थांबलेल्या माझ्या बॅचच्या बहुतेक मैत्रिणी एम.ए.पर्यंत पोचल्याच नाहीत.

सीमा_जोग

अनघा, पटतंय, पण मुलींची फी सरकारने माफ केलीय ना आता? मग बाहेर पाठवणं सोपं झालं असेल.

अनघा_नांदेड

ती माफी २०२४-२५ पासून आहे, पण व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. साध्या बी.ए., बी.एस्सी.चा प्रश्न तिथं सुटत नाही. आणि फी हा शहरातला छोटा खर्च आहे ताई. मोठा खर्च डोक्यावरच्या छपराचा.

भीमथडी

छपरावर आलातच तर सांगतो. शहर कोणाला विचारत नाही, ओळख पुसून टाकतं वगैरे ठीक आहे, पण खोली बघायला जा आणि बघा. पहिला प्रश्न आडनाव. आडनावातून उलगडा झाला नाही तर दुसरा, 'नॉनव्हेज खाता का?' लोकलच्या डब्यात कोणी विचारत नाही, दारात विचारतात. मला चौथ्या जागी खोली मिळाली, तीही मित्राच्या नावावर.

सरकारला हा खर्च माहीत आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्यात पुण्या-मुंबईसारख्या शहरांना वर्षाला ६०,००० रुपये, त्याखालच्या महापालिकांच्या शहरांना ५१,००० आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० असे दर ठरलेले आहेत. म्हणजे शासनाच्या हिशेबी पुणं आणि असं जिल्ह्याचं गाव यांत फरक वर्षाला १७,०००. बार्शीकरांचा हिशेब धरला तर साठ हजार पाच-सहा महिन्यांत संपतात. उरलेले महिने केटरिंगला वाढपी म्हणून जायचं. मी गेलोय. रात्री एकला पातेली घासून आलेला मुलगा सकाळच्या प्रॅक्टिकलला जातो, तो आयुकातलं व्याख्यान कधी ऐकणार? गणेशखिंड म्हणतात ते शहर खरं आहे. पण ते संध्याकाळी पाच ते आठमध्ये भेटतं, आणि ते तीन तास ज्याचे विकले गेलेत त्याला ते नाही भेटत.

तरीही मी जा म्हणेन. गावी राहिलो असतो तर आज जो आहे तो नसतो. फक्त फुकटात मिळालं असं कोणी लिहू नका.

करवीर

भीमथडींच्या प्रतिसादावर बोलायला हवं. शहर नको की गाव नको, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच दोन्ही बाजूंनी खेळून झालाय. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच लावली. त्यांना कळलं होतं की शाळा-कॉलेजं शहरात असतात, पण गावातल्या पोराला रात्री झोपायला जागा नसेल तर ती नसल्यातच जमा. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि शिक्षणच खेड्यात नेलं. गंमत अशी की खेड्याकडे गेलेले भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. आणि १९४७ मध्ये त्यांनी कॉलेज काढलं ते साताऱ्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी, 'कमवा आणि शिका'च्या पायावर.

म्हणून मला हा 'पुणं की बार्शी' असा धागाच अर्धवट वाटतो. मधलं काय झालं? कोल्हापूर, सोलापूर, संभाजीनगर, अमरावती, जळगाव. इथं विद्यापीठं आहेत, ग्रंथालयं आहेत, खोलीभाडं पुण्यापेक्षा बरंच कमी. शिवाजी विद्यापीठाचं आवार बघितलंय का कोणी? पुण्याच्या दुपटीहून मोठं आहे.

पेठेतला

आवार मोठं असल्याने शिक्षण होत असतं तर तिथं फिरणाऱ्या मोरांनाच डॉक्टरेट मिळाली असती. पण मधल्या शहराचा मुद्दा +१.

बार्शीकर (धागाकर्ता)

सगळं वाचलं. घरातही वाचून दाखवलं, अनघाताईंचा प्रतिसाद वहिनींनी दोनदा वाचायला लावला. पुतण्याच्या पाठीमागे त्याची बहीण आहे, यंदा अकरावीला.

माझं मत बरंचसं तिथंच आहे. भीमथडींनी लिहिलं ते वाचून तर आणखी पक्कं झालं: वसतिगृह नसेल तर साध्या पदवीला पुणं नको. पण वसतिगृह मिळालं तर माझा विरोध नाही. तेव्हा हिशेब उलटा लावतोय. आधी हॉस्टेल असलेली कॉलेजं शोधायची, मग त्यातून कॉलेज निवडायचं. आत्तापर्यंत सगळे आधी कॉलेज शोधत होते. अर्ज पुण्यात दोन ठिकाणी, कोल्हापुरात एक आणि इथला एक. पुतण्या म्हणतो, 'काका, मला नुसती दुर्बीण नको, पिक्चरपण बघायचेत.' बघू द्या की.

गणेशखिंड, अकादमीच्या शिष्यवृत्तीचं सविस्तर लिहाल का वेगळ्या धाग्यात? ती इथं राहूनही भरता येते असं दिसतंय.

गणेशखिंड

लिहितो. पण अर्जाची तारीख उन्हाळ्याच्या बरीच आधी असते, आधीपासूनच शोधायला लावा. आणि तो इथं राहिला तर २८ फेब्रुवारीला निदान एकदा खोडदला घेऊन जा. विज्ञान दिनाला जीएमआरटी लोकांसाठी उघडी असते.

भीमथडी

बार्शीकर, वसतिगृहाच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागेल, आरक्षणातून भरत असाल तर जातीचाही. तहसीलमध्ये आजच टाका. निकाल लागला की सेतू केंद्रावर अख्खा तालुका उभा असतो, आणि दाखला हातात येईस्तोवर खोल्या संपतात.