कुणाचं एक वाक्य तुमच्यासोबत राहिलंय? सातारा-सांगलीकडच्यांनी लिहा

गेल्या महिन्यात आण्णांची लोखंडी पेटी उघडली. ते जाऊन वर्ष होऊन गेलं पण आईचा हात होत नव्हता म्हणून तशीच राहिली होती. आत दोन धोतरं, पेन्शनची कागदं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं बारीक अक्षरात लिहिलेलं, स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद. आण्णा रयत शिक्षण संस्थेच्या 'कमवा आणि शिका'मधनं शिकले, पहाटे शेतात काम आणि मग कॉलेज. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात ही संस्था काढली, पुढं साताऱ्यात बोर्डिंग आलं, तिथल्या पोरांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही गोष्ट आण्णा सांगायचे आणि दर वेळी मंगळसूत्रापाशी आले की गप्प बसायचे. आम्ही भावंडं पण गप्प बसायचो.

पण माझ्याजवळ राहिलंय ते पेटीवरचं नाही, त्यांचं स्वतःचं. मी पुण्याला निघाले त्या दिवशी सातारा स्टँडवर गाडी सुटता सुटता खिडकीतनं म्हणाले, "भाकरी मागू नको, काम माग." बास एवढंच. पुढं कंपनी बंद पडली, तीन महिने पगार नाही, नातेवाईकांना फोन लावायला घेतला की ते वाक्य आडवं यायचं. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, डबे करायला माणूस पाहिजे का. त्यांना पाहिजे होतं.

तर तुमच्याकडं असं काही असेल तर लिहा. रोज सकाळी मोबाईलवर येतात तसले सुविचार नकोत. कोण म्हणालं, कुठं उभं राहून म्हणालं आणि पुढं ते कधी आठवलं, तेवढं हवंय. बोली जशी कानात आहे तशीच ठेवा, शुद्ध करत बसू नका.

*

आमचं गाव खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढं. पाऊस म्हणजे आला तर आला. आजोबा गेले तेव्हा मी सातवीत होतो. मिरगाचे दिवस, आभाळ पंधरा दिवस नुसतं भरून यायचं आणि निघून जायचं, आणि नेमकं आजोबांना माती देऊन आलो त्या रात्री पाऊस पडला. असा पडला की ओढा वाजत होता. दोन दिवसांनी रानात वापसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी झाली. घरात पाहुणे, सुतक, चुलती रडतीये, आणि चुलते म्हणत होते दहावा झाल्यावर बघू. आज्जी कोपऱ्यात बसलेली ती उठली, बियाण्याचं गाडगं काढलं आणि म्हणाली, "मढं झाकून पेरणी करावी लागती बाबा. वापसा थांबत न्हाय कुणासाठी."

भावकीतल्या काही जणांना आवडलं नाही ते, तोंडावर बोलले पण. तिनं ऐकून घेतलं. चुलत्यांनी बैलं जुपली आणि पाभरीमागं चाड्यावर आज्जीनं स्वतः मूठ धरली. मी बांधावर उभा राहून बघत होतो. पदर डोळ्याला लावायची आणि परत मूठ चाड्यात, पण बाजरी कुठं दाट नाही कुठं पातळ नाही, सगळं एकसारखं उगवलं. त्या साली आमच्या शिवारात उशिरा पेरणाऱ्यांना फार काही हाताला लागलं नाही कारण पुढं पावसानं ओढ दिली.

खूप वर्षांनी एका कीर्तनात तुकोबांचा अभंग ऐकला, 'मढें झांकूनियां करिती पेरणी, कुणबियाचे वाणी लवलाहें', आणि अंगावर काटा आला. आज्जीला अक्षरओळख नव्हती. तिनं तो अभंग म्हणून ऐकला होता का नुसतं कुणब्याचं बोलणं म्हणून तिच्यापर्यंत आलं होतं, विचारायला ती राहिली नव्हती.

माझी आई गेली तेव्हा मुलाची दहावी चालू होती, तिसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. मी त्याला पहाटे उठवलं, त्याच्या आईनं डबा दिला, सेंटरवर सोडला आणि तीन तास गेटबाहेर झाडाखाली बसलो. तिथं बसल्यावर मला पहिल्यांदा रडू आलं.

*

वापसा हा शब्द किती दिवसांनी वाचला. आमच्याकडं, वाळवा तालुक्यात, उलटं आहे, पाण्याला कमी नाही आणि तेच दुखणं. "ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये" ही म्हण सगळ्यांनाच माहितीये पण माझे आजोबा ती पाण्यासाठी वापरायचे. लिफ्टचं, म्हणजे उपसून आणलेलं पाणी आल्यावर लोकांनी सऱ्या तुडुंब भरायला सुरुवात केली, रात्रभर मोटर चालू ठेवून झोपायचे, पाणी जास्त तर उसाचं टनेज जास्त असा हिशोब. आजोबा बांधावरनं ओरडायचे, मुळासकट खाताय रे. कुणी ऐकलं नाही, माझ्या वडलांनी पण नाही. काळी जमीन, पाण्याला निचरा नाही, खालचं पाणी वर यायला लागलं आणि त्याच्याबरोबर क्षार. पहिल्यांदा एका कोपऱ्यात पांढरं फुटलं, मिठासारखं. मग उगवण कमी. मग ते चार एकर पडूनच राहिलं, नुसती लव्हाळी.

आता मी जमिनीखालनं छिद्राचे पाइप टाकून पाणी काढलंय, खर्च झाला, थोडं थोडं रान परत येतंय, वरनं ठिबक केलंय. आजोबांचं ते वाक्य मोटरच्या पेटीच्या दारावर लिहून ठेवलंय. पोरगं बटण दाबायला जातं तेव्हा वाचतं.

*

सांगली, गावभाग. ऑगस्ट २०१९.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोका पातळी, त्या वेळी पाणी ५७ च्या पुढं गेलं. आम्ही माळ्यावर दोन रात्री काढल्या आणि मग बोट आली. बोटीत बसताना मी रागानं काहीतरी बोललो, नदीला शिव्याच घातल्या म्हणा ना. आज्जी माझ्या शेजारी, मांडीवर देवांचं गाठोडं. म्हणाली, "तिला बोलू नको. ती आपल्या घरात न्हाय आली, आपण तिच्या अंगणात ऱ्हायलोय." मला त्या वेळी तिचाही राग आला, खरं सांगतो. सगळा संसार पाण्यात आणि ही नदीची बाजू घेतीये.

पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल काढला. आज्जीनं घाटावर जाऊन खण नारळानं कृष्णामाईची ओटी भरली. मी गेलो नाही. पण घर परत लावताना ते वाक्य डोक्यातनं जाईना, आणि मग आम्ही मीटर आणि सगळे स्विचबोर्ड वरच्या मजल्याच्या उंचीला घेतले, तळमजला रिकामा केला, फ्रीज कपाट सगळं वर. शेजारचे म्हणाले असा पूर परत कशाला येतोय. २०२१ च्या जुलैत परत आला. तळमजल्यात आमच्या फक्त दोन जुन्या सायकली होत्या.

आज्जी आता नाही. दर पावसाळ्यात पहिलं पाणी पायऱ्यांना लागलं की मी ओटी घेऊन जातो.

*

पाटण तालुक्यातला आहे, वय झालंय, टायपिंग नातू करून देतोय. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटेची वेळ, थंडी, आम्ही सगळी झोपेत. घर हाललं आणि मागची भिंत गेली. बाहेर अंधारात आलो तर वडील म्हणत होते आत भांडी आहेत, कणगी आहे. आई ओरडली, "आधी माणसं मोजा." आणि तिनंच मोजायला चालू केलं, एकेकाच्या डोक्याला हात लावून. सात भरली. मग ती खाली बसली.

पुढं मी मुंबईला माथाडीत गेलो. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या चाळीत छातीएवढं पाणी, लोक टीव्ही आणि गाद्या उचलत होते, मी जिन्यात उभा राहून आईसारखाच ओरडलो. मोजताना एक पोर कमी भरलं. मागच्या खोलीत झोपलेलं, पाण्याला अर्धा फूट बाकी होतं.

*

सगळ्यांचं वाचून भरून येतंय, पण एक वेगळं लिहिते. सोबत राहणारी वाक्यं सगळी चांगलीच असतात असं नाही. मला आठवीत गणिताच्या सरांनी फळ्यापुढं उभं करून पूर्ण वर्गासमोर म्हटलं होतं, "हिच्याकडनं चूल सोडून काय व्हायचं नाही." शाळेचं, गावाचं नाव लिहीत नाही. आज मी एका पतसंस्थेत हिशोबाचं काम करते, बावीस वर्षं झाली, आणि रोज संध्याकाळी कॅश जुळली तरी मी तीनदा मोजते. दोनदा पुरते, सगळ्यांना पुरते. तिसऱ्यांदा मी त्या सरांसाठी मोजते.

लोक म्हणतात बघ, त्यांच्या बोलण्यामुळंच जिद्द आली. नाही हो. मी जिद्दीची आधीपासनं होते, आणि त्या वाक्यानं मला फक्त भीती दिली. म्हणून शिकवणाऱ्यांनी कृपा करून वाचा हे. पोर विसरत नाही.

*

वरच्या ताई, तुमचं वाचून माझ्या वस्तादांची आठवण झाली कारण ते बरोबर उलटं वागले. मी मिरजेचा. पंधराव्या वर्षी तंबोऱ्याच्या कारखान्यात कामाला लागलो, घराण्यातला नव्हे, नुसता कामगार पोरगा. पहिलं वर्ष भोपळे घासणं आणि तुणाचं लाकूड उचलणं यातच गेलं. मग जवारी शिकवायला घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं असा घासायचा की तार त्याला जेमतेम स्पर्शून थरथरली पाहिजे, मग खाली सुताचा धागा सरकवत न्यायचा आणि एका जागी आवाज एकदम उघडतो, भरून येतो. केसाएवढं जास्त घासलं की गेलं. मी जास्त घासलं. एका गवयासाठी आठवडाभर बसून केलेली घोडी, आणि आवाज मेला, नुसता टणटण. मला वाटलं आता हाकलणार. वस्तादांनी घोडी हातात घेतली, बघितली, खाली ठेवली आणि म्हणाले, "हाताला घाई असते बेटा, कानाला नसते. कानाला विचारून हात उचल." आणि दुसरी घोडी दिली. त्यातच सगळं आलं.

ते काम पुढं सुटलं, पोट भरेना. आता कुपवाड एमआयडीसीत लेथवर आहे. मशीनचा आवाज बदलला की मला टूल बघायच्या आधी कळतं, सुपरवायझर विचारतो कसं काय. उरुसाला मिरजेच्या दर्ग्यात, जिथं मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथं गाणं असतं तेव्हा मी जातोच, आणि गाण्याच्या आधी तंबोरे लावतात तेवढी दहा मिनिटं डोळे मिटून बसतो.

*

कराडकर. यशवंतराव चव्हाणांच्या आई विठाई, प्लेगमध्ये नवरा गेला, पदरात लहान पोरं, लिहिता वाचता येत नव्हतं, त्या पोरांना म्हणायच्या, 'नका बाळांनो डगमगू, चंद्रसूर्यावरील जाईल ढगू.' आमच्या आईला ही ओळ तिच्या आईकडनं मिळालेली. लहानपणी आम्हाला त्या ढगू शब्दाचं हसू यायचं.

वडलांचं डायलिसिस चार वर्षं चाललं, आठवड्यातनं दोनदा. मी बंगळूरला. आई रिक्षानं घेऊन जायची, बाहेर बाकावर चार तास बसायची. फोन केला की मी विचारायचो कसं आहे, आणि दिवस वाईट असला तर ती बाकी काही सांगायची नाही, फक्त "ढगू हाय बाळा." आणि बरा दिवस असला तर "आज ऊन पडलं." चार वर्षं आमचं बोलणं असंच चाललं. वडील गेले त्या पहाटे फोन आला, ती काहीच बोलेना, मीच म्हणालो, आई, ढगू का? ती हो म्हणाली.

*

मी बहुतेक सगळ्यात साधं लिहितीये. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते, विटा डेपो. आयुष्यभर गाडीत एकच वाक्य, "पुढं सरका, जागा होती." घरी पण तेच. पंगतीत कुणी उशिरा आलं, पुढं सरका, जागा होती. लग्नात फोटो काढताना तेच. आम्ही सुना आपसात हसायचो.

मोठे दीर आणि जाऊबाई एका अपघातात एकदम गेले. त्यांची तीन पोरं, धाकटी चार वर्षांची. आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं, माझी दोन, सासू-सासरे, आम्ही दोघं. पाहुण्यांच्यात बोलणं चाललं होतं की एक आजोळी ठेवा, एक आत्याकडं, धाकटीला आश्रमशाळेत टाका. मी आतनं ऐकत होते आणि खरं लिहायचं तर माझ्या मनात पण हिशोब चालू होता, पीठ किती लागेल, दूध किती. मामा दारात बसलेले, दोन दिवस तोंडातनं शब्द नव्हता. ते उठले, धाकटीला कडेवर घेतलं, आत आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पुढं सरका गं पोरी. जागा होती."

त्या रात्री आम्ही नऊ जण दोन खोल्यात झोपलो. मी भिंतीकडं सरकले.