[मंडळ-सर्व] शनिवारची बैठक: दोऱ्यांची पेटी कोणाकडे आहे?

प्रेषक: अकेला (कब पॅक, म्हणजे छोट्या स्काउटांच्या गटाची प्रमुख)

मंडळी,
दोऱ्यांची पेटी तळघरातल्या कपाटात नाही. हिरवी, झाकणाला चिकटपट्टी लावलेली. ज्यांनी नेली असेल त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हॉलवर आणून ठेवावी. शनिवारी उरलेल्या अकरा मुलांची गाठींच्या बॅजची परीक्षा आहे आणि त्याच्या पुढच्या बैठकीत पालकांसमोर बॅज द्यायचे आहेत.

गेल्या खेपेला निळ्या नायलॉनवर भागवलं, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. रीफ नॉट बांधली, दाखवायला वर उचलली, की सुटली. धाकट्या सिक्समधले (सिक्स म्हणजे पॅकमधली सहाएक मुलांची तुकडी) दोघं रडले. पेटीतल्या दोऱ्या सुती आहेत, करंगळीएवढ्या जाड, अर्ध्या लाल रंगवलेल्या, अर्ध्या पांढऱ्या. त्यामुळे कोणतं टोक कुठून गेलं ते मुलांना दिसतं. त्याच हव्यात.

बाकी तयारी झाली आहे. किम्स गेमचं ताट माझ्याकडे: 24 वस्तू, एक मिनिट बघायचं, मग वर कापड, मग आठवून लिहायचं. ताटात कोणी स्वतःच्या गाडीची किल्ली ठेवू नये. मागचा गोंधळ पुरे.

आणि हो, घरून पाठवलेले व्हिडिओ परीक्षा म्हणून धरले जाणार नाहीत.


प्रेषक: नाट्यसमिती

काही हरवलं की आधी आमच्याकडे बोट, हे नेहमीचंच. पत्रात नाव घेतलं नसलं तरी 'ज्यांनी नेली असेल त्यांनी' म्हणजे कोण ते कळतं. आम्ही तळघरातून फक्त एक वेटोळं घेतलं, तेही सचिवांना विचारून. ते पडद्याला लागलं आहे आणि प्रयोग होईपर्यंत तिथेच राहील. पेटीबिटी आम्ही पाहिलेली नाही.

तळघराचं कपाट स्काउटांच्या मालकीचं आहे असं कार्यकारिणीत कधी ठरलं, तेही कळवावं.


प्रेषक: एक आई (धाकटी सिक्स)

पेटीचं राहू दे, व्हिडिओ का नाही ते सांगा. माझी मुलगी घरी रीफ नॉट डोळे मिटून बांधते. हॉलमध्ये तिच्याभोवती सगळा पॅक ओरडत असतो, कोणीतरी दोरीची रस्सीखेच सुरू करतं, आणि मग तिचा हात थरथरतो. येतं ते येतं. बॅज गाठीचा आहे, गोंगाटात न घाबरण्याचा नाही. आम्ही पालक काय खोटं बोलू का?


प्रेषक: बघीरा

वरच्या पत्राला पॅकच्या सहायकाकडून उत्तर: कोणी खोटं बोलतं असं कोणीच म्हटलेलं नाही. पण आलेल्या व्हिडिओंपैकी एकात गाठ अडली की कॅमेऱ्याबाहेरून बांगड्या घातलेला हात येतो, टोक बरोबर जागी धरून देतो आणि परत जातो. मूल आठ वर्षांचं आहे, हात नाही.

नियम साधा आहे. मुलाने स्वतः बांधायची, विचारल्याशिवाय कोणी काही सांगायचं नाही, आणि समोर पॅकची दोन मोठी माणसं हवीत. गोंगाटाचं म्हणणं मात्र पटतं. परीक्षेपुरती मागची छोटी खोली वापरू. दार उघडं ठेवायचं, आणि एकटं मूल एकट्या माणसाबरोबर बसवायचं नाही, हे पुन्हा सांगायला नकोच.


प्रेषक: अण्णा

दोऱ्या, पेट्या आणि व्हिडिओ यांच्या नादात मूळ मुद्दा कोणी पाहतच नाही. मी मागे बसून ती परीक्षा पाहिली. मुलांना सांगितलं होतं, 'रीफ नॉटने या दोन दोऱ्या जोडा आणि वर उचलून दाखवा.' ही परीक्षाच चुकीची आहे. नायलॉनला कशाला दोष देता?

रीफ नॉट दोन दोऱ्या जोडायची गाठ नव्हे. ती कशाभोवती तरी आवळायची गाठ. जहाजावर शिडाचा जादा भाग गुंडाळून बांधायला ती वापरत. जखमेवरची पट्टी, हात अडकवायची झोळी, गुंडाळलेलं ब्लँकेट, इथे ती शोभते. खालच्या वस्तूवर दाबून बसते म्हणून धरून राहते, आणि सपाट असते म्हणून खांद्याला टोचत नाही. हवेत धरलीत तर तिला आधारच नाही. सुती दोरी खरखरीत, ती तुमची अब्रू राखते. नायलॉन गुळगुळीत, ते राखत नाही. एक टोक उलट ओढलं की गाठ उलटी होते आणि दुसरी दोरी सरळ तिच्यातून निघून येते. आमचे स्काउटमास्तर हे एका हिसक्यात करून दाखवत, आणि मग कोणाचीच छाती होत नसे तिच्यावर वजन टांगायची.

दोन दोऱ्या जोडायच्या तर शीट बेंड. जाड दोरीचा फास करायचा, बारीक त्यातून वर काढायची, मागून वळसा घालून स्वतःच्याच खाली खुपसायची. तीही परीक्षेत आहे ना? मग दोन्हींचं काम वेगवेगळं द्या. रीफ नॉटसाठी मुलांच्या गळ्यातला स्कार्फ सोडा आणि जोडीदाराच्या हाताला झोळी बांधायला लावा. प्रथमोपचाराचं अर्धं काम तिथेच होईल.

परीक्षा रद्द करा असं मात्र म्हणत नाही. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर भरवलं तेव्हा वीसएक मुलं होती, चार तुकड्या होत्या. त्या मुलांनाही गाठी, माग काढणं आणि झेंड्याची माहिती यांत पास झाल्यावरच दुसरं पितळी चिन्ह मिळालं. बॅज आधी मागवून परीक्षा नंतर घ्यायची पद्धत तिथे नव्हती. ज्यांनी समजायचं त्यांनी समजावं.


प्रेषक: खजिनदार

अण्णांचा शेवटचा टोला माझ्यासाठी आहे असं धरून चालतो. बॅज एकदम मागवले कारण सुटे मागवले की प्रत्येक खेपेला टपालखर्च वेगळा पडतो, आणि त्याचा जाब वार्षिक सभेत मला द्यावा लागतो, अण्णांना नाही. बॅज माझ्याकडे पाकिटात आहेत. अकेलाची सही असलेली यादी आल्याशिवाय एकही बाहेर पडणार नाही. उरले तर पुढच्या वर्षी लागतील, बॅज काही नासत नाहीत.

नवीन दोरी कोणी परस्पर आणू नये. बिल मंजूर होणार नाही.


प्रेषक: बघीरा

अण्णा, नायलॉनचं एक राहिलं. त्याची टोकं विसविशीत झाली आहेत, मुलं ओढून ओढून आणखी उसवतात. ज्योतीवर वितळवली तर बसतील, पण हॉलमध्ये ज्योत पेटवायची नाही हे धुराच्या प्रकरणानंतर ठरलं आहे. शिवाय वितळलेलं टोक काट्यासारखं कडक होतं. मोठ्या सिक्सला दोरा गुंडाळून टोकं बांधायला शिकवलं तर? तोही उपक्रम होईल. त्याला बॅज नाही म्हणून मुलं कुरकुरतील, ते वेगळं.


प्रेषक: माई

मी कधी लिहीत नाही, पण वाचते सगळं. आमचा नातू आठवडाभर माझ्या खुर्चीच्या पायाला क्लोव्ह हिच घालतोय. जीभ बाहेर, डोकं तिरकं. एक वळसा, मग दुसरा पहिल्यावरून तिरपा, मग टोक त्या तिरप्याखाली. टोक खाली न घालता वरूनच नेतो, ओढतो, सगळं हातात येतं. मग माझ्याकडे न बघताच 'काही बोलू नकोस' म्हणतो. मी बोलत नाही. काल एकदाची बसली, तर खुर्ची ओढत दारापर्यंत नेली. मी खुर्चीतच होते.

त्याच्या मोठ्या बहिणीला मागे एक बॅज न करताच मिळाला होता, सगळ्यांबरोबर वाटला म्हणून. तिने तो शर्टाला लावू दिला नाही. 'हा मी नाही केला, तूच लाव तुझ्या पर्सला,' असं सुनेला म्हणाली. अजून पर्सलाच आहे. बघीरा ताठ आहे म्हणून मुलांना वाईट वाटतं असं मला तरी दिसत नाही.


प्रेषक: एक आई (धाकटी सिक्स)

माई, पर्सवाली गोष्ट माझ्यावर नसावी ही आशा. मागची खोली देणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. फक्त तिला पहिल्या पाचांत घ्या. उशीर झाला की ती दमते, आणि दमली की मग रीफ नॉटच्या जागी काहीही करते. दोन्ही वेळा उजवं टोक डाव्यावर टाकते, गाठ तिरकी बसते आणि निसटते.


प्रेषक: नाट्यसमिती

रंगमंचाच्या खालच्या फळीमागे एक हिरवी पेटी दिसली. झाकणावर चिकटपट्टी आहे, त्यावर 'विंग' असं लिहिलेलं आहे, तेव्हा ती आमचीच समजून कोणीतरी वापरली असणार. आत तीन-चारच दोऱ्या आहेत. बाकीच्या विंगच्या चौकटी उभ्या करायला लागल्या आहेत आणि शनिवारी चार वाजता रंगीत तालीम आहे. त्या आता काढता येणार नाहीत. शिवाय गाठी इतक्या घट्ट बसल्या आहेत की कापल्याशिवाय सुटायच्या नाहीत, आणि कापू नका असं अकेलाच म्हणेल.


प्रेषक: अण्णा

घट्ट बसल्या कारण गाठीवर गाठ, त्यावर आणखी एक गाठ असं केलेलं असणार. उभ्या-आडव्या चौकटीला असं बांधत नाहीत. उभ्या दांड्याला क्लोव्ह हिच, मग दोन्ही दांड्यांभोवती तीन-चार फेरे, मग दांड्यांच्या मधून दोन आवळफेरे, शेवटी आडव्याला क्लोव्ह हिच. हलणार नाही, आणि तालीम संपल्यावर मिनिटात सुटेल.


प्रेषक: अकेला

ठरलं ते असं. शनिवारी मोठी सिक्स दीड वाजता येईल. विंगच्या गाठी न कापता सोडायच्या: आधी दोरी दोन्ही बाजूंनी गाठीकडे ढकलायची, मग फास ढिला करायचा. खिळा किंवा कात्री कोणी आणायची नाही. मग अण्णा सांगतील तसं निळ्या नायलॉनने चौकटी पुन्हा बांधायच्या. नायलॉन फेऱ्यांत घट्ट आवळलं की धरून राहतं, आणि मुलांना चौकट-बांधणीही करायला मिळेल. चारच्या आत रंगमंच मोकळा होईल.

सुती दोऱ्या परत पेटीत, पेटी मागच्या खोलीत. अडीचला परीक्षा, धाकटी सिक्स आधी. रीफ नॉट स्काउटच्या स्कार्फने झोळीवर, शीट बेंड जाड-बारीक दोरीवर, क्लोव्ह हिच खुर्चीच्या पायावर. माई, तुमची खुर्ची हॉलमध्ये आणू नका, इथल्या पुरतील. सह्या बघीरा आणि मी करू, यादी रात्री खजिनदारांकडे जाईल.

झाकणावरचं 'विंग' पुसून काढते.


प्रेषक: नाट्यसमिती

दीडला कोणीतरी मोठं माणूस आमच्याकडूनही असेल. उजव्या विंगचं करा. डाव्या विंगला हात लावू नका, तिला दार आहे.


प्रेषक: खजिनदार

रंगमंचाची किल्ली माझ्याकडे नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.