मदत हवी आहे : कपडे वाळवायचा ड्रायर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पूर्वेला आणि अगदीच चिंचोळी. श्रावण संपेपर्यंत घरभर दोऱ्या, पंख्याखाली शाळेचे गणवेश, आणि तरी जीन्सला तो कुबट वास येतोच. सासूबाई इस्त्री फिरवून वाळवतात, त्यात वीज किती जाते ते बोलायची सोय नाही!

वाचून एवढं कळलं : बाहेर पाइप काढावा लागणारा साधा ड्रायर स्वस्त, पण हीटर दोन हजार वॅटच्या आसपास. हीट पंपवाला तीच गरम हवा पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे वीज साधारण निम्मीच लागते. कपडेही कमी तापतात. मात्र किंमत जबर आणि वेळ जास्त.

आमचं बिल पावसाळ्यात २८० युनिटपर्यंत जातं. ३०० ओलांडले की महावितरणचा पुढचा दर लागतो, खरी धास्ती तीच.

वर्षातून चारच महिने वापरायचा तर हीट पंपचे पैसे वसूल होतील का? वॉशिंग मशीनचा स्पिन १२०० वर ठेवून कोणाचं भागलंय का? नाशकात दुरुस्तीला माणूस वेळेवर येतो का, तेही सांगा. चौघांचं कुटुंब, ७ किलोचा पुरेल ना?